तीन उभे टाके, एक आडवा

“अहो मावशी, खूण माझीच होती ना! गळ्याच्या पट्टीला, आतून, लाल दोरा. तीन उभे टाके, एक आडवा. माझ्या हातचे टाके मी ओळखणार नाही होय?”

“तोंड बघायचं होतंस.”

“तोंड कोण बघतं? आपण कॉलर बघतो.”

इस्त्रीवाल्या मावशींनी इस्त्री उभी केली आणि पोट धरून हसल्या. डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. “आठ वर्षांत बाईचा एक रुमाल चुकला नाही. आणि चुकलं ते थेट पोर!”

खूणवाली हसली नाही. रागावलीही नाही. सुईत दोरा ओवत म्हणाली, “दोनची गाडी आहे. त्याआधी सासूबाई पोरीला घेऊन इथं येतील. मी हो म्हटलं की नेतील.”

“किती दिवस?”

“वर्षभर.”

“मग काय म्हणणारेस?”

“तेच बघतेय. आतून काही येतंय का ते. अजून तरी काही आलेलं नाही.”

मावशींचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी इस्त्री उचलली आणि चादरीवर पाण्याचा हबका मारला.

आता ही खूणवाली कोण, ते सांगायला हवं. लॉन्ड्रीत दाराशी जे टेबल आहे, ते तिचं. बाहेरून गठुडी येतात, ती आधी तिच्यापुढं सुटतात. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली. कुणाचे दोन निळे टाके, कुणाची काळी फुली, कुणाचा हिरवा ठिपका. प्रत्येक कपड्याला ती खूण घालायची आणि मगच तो आत हौदात जायचा. आत गेल्यावर मास्तराचं धोतर काय आणि डॉक्टरचा कोट काय, सगळे एकाच पाण्यात बुडणार, एकाच यंत्रात गरगरणार, एकाच दोरीवर लोंबणार. खूण नसेल तर कोण कुणाचं ते सांगायला ब्रह्मदेव आला तरी भागायचं नाही.

पण ही सांगायची. टाके उसवून खूण गेलेले कपडे एका टोपलीत पडायचे. तिला सगळे बेवारशी टोपली म्हणायचे. दुपारच्या सुमारास ती ही टोपली मांडीवर घ्यायची, एकेक कपडा चोळून बघायची आणि म्हणायची, “ही विजार पानपट्टीवाल्याची. खिशाच्या तोंडाशी झिजलीय, सारखा हात घालतो.” “हा घटस्फोटवाल्या बाईंचा. एकटीला पाठीमागचं बटण लावता येत नाही, म्हणून काज ओढून ओढून फाटलंय.” आणि ते खरं निघायचं. मालक गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, आमच्या बाईला माणसं कपड्यांवरून पाठ आहेत. समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक मात्र तिला ओळखू यायचं नाही. तोंडाकडे ती फारशी बघायचीच नाही. कामात त्याची गरज पडत नव्हती.

चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली.

बाळंतपण काही वाईट झालं नाही. कळा सोसल्या, ओरडली, शिव्या दिल्या, सुटली. नर्सनं ओलं पोर छातीवर ठेवलं आणि म्हणाली, “बघा हो, अगदी तुमच्यावर गेलीय.” खूणवालीनं बघितलं. तिला वाटलं, असेल. मग ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंख्याची एक पाती थोडी वाकलेली होती, फिरताना टक्क टक्क वाजायची. त्या दिवसातलं तिला आजही नीट आठवतं ते एवढंच.

सगळे म्हणाले होते, पोर कुशीत आलं की माया आपोआप दाटून येते. ही वाट बघत राहिली. पान्हा फुटला, पण पान्हा काय, गाईलाही फुटतो. बाकीचं जे यायचं होतं, ते आलं नाही. पहिला आठवडा गेला, पहिला महिना गेला. लोक विचारायचे, “काय, मग? जग बदललं की नाही?” ती म्हणायची, “बदललं की.” खोटं नव्हतं ते. झोप गेली, पाठ गेली, जेवण उभ्यानं व्हायला लागलं. पण लोकांना तसलं उत्तर नको होतं.

कामात मात्र तिची खोट नव्हती. वेळेवर पाजायची, वेळेवर पुसायची, नखं काढायची, अंगाला तेल लावून निथळेपर्यंत आंघोळ घालायची. लंगोट उकळत्या पाण्यातून काढायची आणि उन्हात ताणून घालायची. शेजारणी म्हणायच्या, पोर बघा कसं लखलखीत ठेवलंय! आणि खूणवालीच्या मनात यायचं, आपण हे दुसऱ्या कुणाचं तरी ठेवलंय. घडी घालून, कागदात बांधून. येतील नि घेऊन जातील.

नवरा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवायचा आणि घरी आला की पोरीला उचलून “माझं गठुडं” म्हणून गालाला मिशी घासायचा. पोरीला तो आवडायचा, त्याला पोरगी आवडायची. हे दोघं एका खोलीत असले की खूणवाली चुलीकडे तोंड करून उभी राहायची. रडायला नव्हे. तिथं उभं राहिलं की कुणी काही विचारत नाही म्हणून.

तिसऱ्या महिन्यात ती कामावर परत आली. पोरीला लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात ठेवलं. तिथल्या काकूंकडे दहा पोरं. दहांच्या झबल्यांचा रोज काला व्हायचा. खूणवालीनं पहिल्याच दिवशी पोरीच्या प्रत्येक कपड्याला खूण घातली. कुठल्याच घराला न दिलेली, नवी. तीन उभे, एक आडवा. काकू म्हणाल्या, “ही अक्कल बाकीच्या आयांना का नाही सुचत?”

परवा झालं ते असं. पाळणाघरात एका कंडक्टर बाईचा मुलगा आहे, हिच्या पोरीहून दोन आठवड्यांनी मोठा. दुपारी त्यानं दूध ओकलं. त्याच्या पिशवीत कोरडं झबलं नव्हतं. काकूंनी हिच्या पिशवीतलं एक काढून त्याला चढवलं. गुन्हा नव्हे, रोजचं आहे ते. संध्याकाळी खूणवाली आली तेव्हा काकू मोरीत तिसऱ्याच पोराचं ढुंगण धूत होत्या. आतून ओरडल्या, “घेऊन जा गं!” हिची पोरगी आतल्या खोलीत चादरीत झोपलेली. कंडक्टर बाईचा मुलगा बाहेरच्या चटईवर पडून पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होता.

खूणवाली वाकली. अंगठ्यानं गळ्याची पट्टी उलटली. तीन उभे, एक आडवा. पोर खांद्यावर टाकलं आणि चालू लागली.

वाटेत भाजीवालीनं बटाटे तोलता तोलता म्हटलं, “अगंबाई, अंग धरलंय की चांगलं!” हिनं म्हटलं, “हो का?” खरं तर खांद्याला जड लागत होतं. पण दिवसभर मान मोडून काम केल्यावर पिसाचंही ओझं होतं, त्याला काय करायचं?

घरी आल्या आल्या ते रडायला लागलं. हिनं भिंतीला टेकून पाजलं. त्यानं चांगलं पोटभर ओढलं. मग ओलं लागलं म्हणून लंगोट सोडला, तर जी धार आली ती सरळ हिच्या हनुवटीवर.

कुणीही बाई इथं किंचाळली असती. खूणवालीनं काय केलं? तिनं पदरानं हनुवटी पुसली आणि त्याचा गळा उलटून पुन्हा खूण बघितली.

खूण बरोबर होती. म्हणून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. कंडक्टर बाई, अजून गणवेशात, तिकिटांची पिशवी गळ्यात आणि काखेत हिची पोरगी. कंडक्टर बाईनं आधी आपलं पोर हिसकून घेतलं, त्याच्या मानेत नाक खुपसलं आणि मग विचारलं, “रडत का नाहीये हा? काय दिलंस ह्याला?”

“दूध.”

“कुणाचं?”

“माझंच. भूक लागली होती त्याला.”

दिवसभर माणसांशी भांडणारी ती बाई पायरीवरच बसली आणि म्हणाली, “अगं, पण तुला कळलं कसं नाही? दिसत नाही तर नाही, वास तरी? अंधारात शंभर पोरं ठेव, मी माझं काढून दाखवीन.”

खूणवालीनं आपली मुलगी घेतली. आणि घेता घेता, हात काही ऐकत नाही माणसाचं, तिनं तिचाही गळा उलटून बघितला.

ते कंडक्टर बाईनं पाहिलं. झबलं बदललं म्हणून घोळ झाला, हे कुणीही पोटात घातलं असतं. पण आईनं स्वतःच्या पोरीची खूण बघून खात्री करून घेतली, हे नाही जिरलं. कंडक्टर बाईनं काकूंना सांगितलं, काकूंनी गल्लीला, आणि नवरा दिवाणखान्याचा पिवळा रंग नखात घेऊन घरी आला तेव्हा त्याला खालच्या किराणावाल्यानंच सगळं ऐकवलं होतं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. जेवण झाल्यावर नखातला रंग काडीनं काढता काढता म्हणाला, “एक विचारू? तुला ती आवडते ना?”

चार महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “काहीच वाटत नाही. वाईट वाटत नाही, चांगलं वाटत नाही. त्या मुलाला पाजलं तेव्हाही तसंच. तिला पाजताना जसं, तसंच.”

त्यानं काडी ठेवली. बाहेर जाऊन आईला फोन केला.

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या. वाईट बाई नव्हे. चार पोरं वाढवलेली, दोन नातवंडं हाताखालून गेलेली. आल्या, सगळं ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला नाही की टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाल्या, “सूनबाई, तू थकलीयस. मी हिला वर्षभर नेते. तू नीट झोप. माया कुठं पळून जात नाही. पोर चालायला लागलं की परत आणते.” नवऱ्यानं मान हलवली. खूणवाली म्हणाली, “उद्या सांगते.” आणि रात्री गाढ झोपली. त्याचंच तिला सकाळी नवल वाटलं.

तर असं. मावशींनी चादरीची घडी घातली, बाजूला ठेवली आणि दारातून आत कुणी येत नाहीसं बघून म्हणाल्या, “एक सांगते, बोंबलत फिरू नकोस. माझा थोरला झाला ना, मला सहा-सात महिने वाटायचं, कुणीतरी हे माझ्याकडे ठेवायला दिलंय. आज नाही तर उद्या परत न्यायला येईल.”

खूणवालीनं सुई थांबवली. “मग?”

“मग काय? कुणी आलंच नाही.”

“आणि माया?”

“ती कधी आली मला ठाऊक नाही. मला भांडी पडली होती. एक दिवस तो तापला आणि मी डॉक्टरच्या दारावर लाथ घातली, तेव्हा कळलं की आलीय. धाकट्या तिघांच्या वेळी लगेच आली. ह्याच्या वेळी गाडी चुकली.” इस्त्री दुसऱ्या चादरीवर फिरली. “आता चाळीशीचा झालाय मेला. बापासारखा घोरतो. आज शंभरातून काढून दाखवीन.”

“आणि नाही आली तर?”

“तर नाही आली. लंगोट तरी कोण धुणारे?”

एकच्या सुमाराला ते आले. सासूबाई, काखेत पोरगी. मागं नवरा, हातात कपड्यांची पिशवी. लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायका एकदम कामाला लागल्या, म्हणजे कान इकडं आणि हात तिकडं. मालक उगाचच बाहेर जाऊन दोऱ्या ताणू लागले.

खूणवालीनं टेबलावरची गठुडी सरकवून जागा केली. कोपऱ्यात पाठ करून पोरीला पाजलं. पाजून झाल्यावर खांद्यावर घेतलं.

“मग?” सासूबाई म्हणाल्या. “काय ठरवलंस?”

खूणवालीनं आत चाचपून बघितलं. काही नव्हतं. गठुडं सोडून झाल्यावर नुसतं फडकं उरावं, तसं.

“न्या,” ती म्हणाली.

नवऱ्यानं श्वास सोडला. सुटल्याचा की दुसरा कसला, कुणास ठाऊक. सासूबाई म्हणाल्या, “मग हिचं काय काय ते सांगून ठेव. प्रत्येक पोराची तऱ्हा निराळी असते.”

आता हे तिच्या कामातलंच होतं. माल दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर सांगून द्यायचा.

“ढेकर दोन देते,” ती म्हणाली. “पहिल्यावर फसू नका. दुसरा उशिरा येतो, तो नाही काढला तर ओकते.”

“बरं.”

“उजव्या मांडीला दोन वळ्या आहेत, डाव्या मांडीला तीन. तिसरी आत दडलेली असते. तिथं ओल राहते, बोटानं उघडून पुसायची. नाही पुसली तर संध्याकाळपर्यंत लाल होतं.”

“हं.”

“डोक्यामागं नाण्याएवढे केस घासून गेलेत. जरा डावीकडं. म्हणजे ती मान डावीकडं टाकून झोपते. उजवीकडं भिंत ठेवू नका, उजेड ठेवा, तरच मान वळवते. भुकेचं रडणं तुटक असतं, मध्ये थांबून ऐकते कुणी येतंय का. पोट दुखलं की थांबत नाही, आणि डाव्या पायाची बोटं आवळते. फक्त डाव्या. आंघोळीला पाणी आधी पोटऱ्यांवर, मग वर. डोक्यावर आधी घातलंत की दिवसभर रुसते. अंगठा चोखत नाही, मधली दोन बोटं चोखते, त्यामुळं तिथली कातडी पांढरी पडलीय. संध्याकाळी हवा सुटली की ह्या कानामागं घाम येतो, थंडी असली तरी. पाठीवर, कमरेच्या वर, एक केसाळ तीळ आहे, बाजरीएवढा. चोळताना खरवडू नका.”

ती एका सुरात बोलत होती, मालकांना कपडे मोजून द्यावेत तशी. आत यंत्र थांबलं होतं. कुणी चालू करत नव्हतं.

सासूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. “तुला माहीत होतं रे? तिळाचं?”

“नाही,” रंगारी म्हणाला.

“आणि ही म्हणे पोर ओळखत नाही!” मावशी इस्त्रीमागून पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

“ओळखत नाही, ते खरंच आहे,” खूणवाली म्हणाली. “मी कापड बघते तसं बघते. दुसरं काही मला येत नाही.”

“हसते कधी गं?” सासूबाईंनी विचारलं. “कशाला हसते?”

खूणवाली थांबली.

“ते नाही माहीत. माझ्याकडं बघून नाही हसली. किंवा हसली असेल, मीच वर बघितलं नसेल.”

नवऱ्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सासूबाईंनी पोरीसाठी हात पुढं केले. खूणवालीनं तिला खांद्यावरून उतरवलं, दोन्ही हातांत धरलं, आणि अंगठा सवयीनं गळ्याच्या पट्टीकडं गेला. तिथंच थबकला. मग तिनं तोंडाकडं बघितलं. नाक बापाचं. खालचा ओठ ओला. हनुवटीच्या खाली दुधाची सुकलेली खपली, आणि तिच्याखाली बारीक पुरळ उठलेलं. पोरगी हसली वगैरे नाही. तिनं जांभई दिली.

पुरळ यादीत नव्हतं.

“राहू दे तिला,” खूणवाली म्हणाली.

“काय?”

“राहू दे. यादी लांब आहे. तुमच्या लक्षात राहायची नाही.”

“मी चार वाढवली, बये!” सासूबाईंचा आवाज चढला. “मला शिकवतेस होय?”

“तुम्ही वाढवाल, छान वाढवाल. तो प्रश्न नाही.” तिनं झबल्याच्या टोकानं हनुवटीखालची खपली हळूच पुसली. “पण बेवारशी टोपलीतलं कापड घरी पाठवून ओळखत नाहीत. इथंच टेबलावर ठेवतात. रोज हाताखालून गेलं तर कळतं कुणाचं ते.”

“आणि नाही कळलं तर?” नवऱ्यानं हळूच विचारलं.

“तर पुरळ तरी दिसेल.”

सासूबाई गठुड्यावर बसल्या. मास्तरांची धोतरं होती त्यात, पण कुणाची हिंमत झाली नाही सांगायची. त्यांनी सुनेकडं बघितलं. मग लेकाला म्हणाल्या, “पिशवी घरी ने. आणि मला एक उशी काढून ठेव. मीच राहते महिनाभर. मलाही लक्षात ठेवायला वेळ लागतो, यादी लांब आहे म्हणतात.” सुनेकडं वळून म्हणाल्या, “दिवसा मी बघीन. पाजायला इथं आणीन, दोनदा. पण पाजताना भिंतीकडं बघायचं नाही. कबूल?”

“बघीन तिच्याकडं. काही वाटेल असं नाही सांगत.”

“तुला कोण विचारतंय वाटायचं? बघ म्हटलं.”

सासूबाई पोरीला घेऊन निघाल्या. खूणवाली दारापर्यंत गेली. सासूबाईंच्या खांद्यावरून पोरगी मागं बघत होती, पण हिच्याकडं नव्हे. दोरीवरच्या पांढऱ्या चादरी हलत होत्या, त्यांच्याकडं. खूणवालीनं छातीवर हात ठेवून बघितला. झबलं जिथं टेकलं होतं तिथं ओलं होतं. एवढंच.

आत कुणीतरी यंत्र चालू केलं. मालक दोऱ्या ताणून परत आले आणि टेबलाकडं न बघता म्हणाले, “चारच्या गठुड्यांना अजून खुणा नाहीत.”

“आधी टोपली उरकते,” ती म्हणाली.

तिनं बेवारशी टोपली मांडीवर घेतली. वरच एक पांढरा सदरा होता, खूण उसवलेली. तिनं कॉलर चोळली, बाह्या उलटल्या, उजेडाकडं धरला. डाव्या कोपराशी सूत विरलं होतं, उजव्या कोपराला नावालाही नाही.

“कुणाचा गं?” मावशींनी विचारलं.

“डावखुऱ्याचा,” खूणवाली म्हणाली. “टेबलाशी बसून लिहिणारा आहे कुणीतरी. थांबा, सापडेल.” आणि तिनं सदरा पुन्हा उलटला.